यलोस्टोनचे भूकंप-आलेख आणि गीझर: आपल्यासारख्यांनी नजर ठेवण्यात काही अर्थ आहे का?

रानवाट

अमेरिकेतलं यलोस्टोन हे उद्यान एका प्रचंड ज्वालामुखीवर वसलंय, आणि त्याच्या जमिनीखाली काय चाललंय ते कोणालाही घरबसल्या बघता येतं, हे मला बरंच उशिरा कळलं. तिथलं भूकंपमापकांचं जाळं युटा विद्यापीठ चालवतं. चाळीसच्या वर केंद्रं आहेत आणि त्यांचे दिवसभराचे आलेख सर्वांना खुले असतात. शिवाय गीझरवर, म्हणजे अधूनमधून फवारे उडवणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर, रोखलेले वेबकॅम, ओहोळांत ठेवलेल्या तापमापकांच्या नोंदी, जमीन किती उचलली किती खचली ते दाखवणारे जीपीएसचे आलेख. काही महिन्यांपासून हे सगळं बघायचा मला नाद लागला आहे.

दोन प्रश्न आहेत.

एक, तातडीचा. कालपासून यलोस्टोन सरोवराजवळच्या एका केंद्राचा आलेख भलताच जाड झालाय. एरवी बारीक रेघ असते, तिथे तासन् तास काळा पट्टा. एका व्हिडिओवाल्याने लगेच "हार्मोनिक ट्रेमर (ज्वालामुखीची सलग थरथर) सुरू झाला, मॅग्मा (वितळलेला खडक) वर सरकतोय" असं जाहीर करून टाकलंय आणि खाली शेकडो लोक घाबरून प्रतिसाद देताहेत. हा पट्टा नेमका कशाचा?

दुसरा, मुळातला. तज्ज्ञांचं जाळं असताना आपण हौशी लोकांनी हे बघत बसण्याचा कोणाला काही उपयोग होतो का? की यातून फक्त अफवाच पिकतात?

भूपृष्ठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल. एका केंद्रावर अडकू नका. त्याच्या शेजारच्या तीन-चार केंद्रांचे त्याच तासांचे आलेख उघडा. जमिनीखाली खरोखर काही मोठं हलत असेल, तर ते एकट्या केंद्राला कळून बाकीच्यांना पत्ता नाही असं होत नाही. एकाच ठिकाणी पट्टा दिसत असेल तर कारण त्या केंद्राच्या आसपासच शोधायचं: वारा, झाडांची मुळं हलणं, रस्त्यावरची वाहनं, सरोवराच्या लाटा, हिवाळ्यात बर्फाला तडे जाणं, किंवा उपकरणातच बिघाड.

साधा माणूस

फुटणार कधी तेवढं नक्की सांगा, रजेचा अर्ज आधी टाकावा लागतो. :)

शून्यमंडल

साधा माणूस, रजा शिल्लक ठेवा.

गमतीवरून आठवलं म्हणून लिहितो, कारण "फुटायची वेळ टळून गेलीय" हे वाक्य जिथे तिथे दिसतं. तीन महास्फोट झाले: साधारण २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. मधली अंतरं धरली तर एक सुमारे ८ लाख वर्षांचं, दुसरं साडेसहा लाखांच्या आसपास. सरासरी काढली तरी अजून नव्वद हजारांच्या आसपास वर्षं उरतातच, आणि मुळात दोन अंतरांवरून वेळापत्रक बांधता येत नाही. ज्वालामुखी घड्याळ बघून फुटत नसतो. वर आणायला पुरेसा वितळलेला खडक आणि पुरेसा दाब लागतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या उथळ साठ्यात वितळलेला भाग १६ ते २० टक्के आहे, बाकी घट्ट खडक. शेवटचा लाव्हा वाहिला त्यालाही सुमारे ७० हजार वर्षं झाली.

रानवाट, धागा चांगला काढलात.

केतकी७

वाचते आहे. आलेखातलं मला काही कळत नाही, पण भूकंप आणि वारा यांत फरक कसा ओळखायचा ते कोणीतरी सोपं करून सांगा ना.

भूपृष्ठ

केतकी७, सांगतो.

जवळचा छोटा भूकंप आलेखावर अचानक उमटतो. रेघ शांत असते आणि एकदम टोकदार झटका येतो. ही पी लहर. मग एक-दोन सेकंदांत दुसरा, बहुधा जास्त मोठा झटका येतो, ती एस लहर. मग शेपटी निमुळती होत विरते. सगळा कारभार अर्ध्या मिनिटात आटोपतो. दोन झटक्यांमधले सेकंद मोजा आणि ८ ने गुणा, म्हणजे भूकंप त्या केंद्रापासून साधारण किती किलोमीटरवर झाला ते कळतं. दोन सेकंद असतील तर सोळा किलोमीटर. तीन केंद्रांवरून अशी अंतरं काढली आणि नकाशावर कंपासने वर्तुळं मारली की ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे भूकंप. हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. नंतर आलेखाकडे बघायची नजरच बदलते.

दूरचा मोठा भूकंप वेगळा दिसतो. अलास्का किंवा जपानात काही झालं तर यलोस्टोनच्या सगळ्या केंद्रांवर जवळपास एकाच वेळी संथ, लांबलचक लाटा येतात आणि कितीतरी मिनिटं चालू राहतात. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. "सगळी केंद्रं एकदम थरथरली" म्हणून हाकाटी होते आणि कारण निघतं हजारो किलोमीटर दूर.

वारा हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. त्याला सुरुवातीचा टोकदार झटका नसतो. दुपारी जाड, पहाटे बारीक असा क्रम असेल तर आधी हवामानाच्या नोंदी बघाव्यात. गाड्या दिवसा असतात, रात्री नसतात. ओल्ड फेथफुलजवळच्या वायएफटी केंद्रावर उन्हाळ्यात माणसांचा दिवस कधी उगवला आणि कधी मावळला ते सरळ वाचता येतं.

आडवाटेचा

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो.

भूकंपाच्या बाबतीत हौशी निरीक्षणाला वैज्ञानिक मोल जवळपास शून्य. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००८ ते २०२२ या काळातल्या जुन्या नोंदी यंत्र-शिक्षणाने पुन्हा तपासल्या, तर ८६,२७६ भूकंप सापडले. आधीच्या यादीच्या जवळपास दहापट. प्रशिक्षित माणसांच्याही नजरेतून निसटलेलं संगणकाने वेचून काढलं. तिथे आपण चहाचा कप घेऊन आलेखाकडे बघत काय वेगळं शोधणार?

नुकसान मात्र खरं आहे. २०१४ च्या वसंतात रस्त्यावरून धावणाऱ्या बायसनचा (अमेरिकी रानगव्यांचा) व्हिडिओ आठवतो? "प्राण्यांना आधी कळलं, ते उद्यान सोडून पळताहेत" म्हणून तो जगभर फिरला. ते बायसन नेहमीसारखे बागडत धावत होते, आणि तेही बाहेर नाही, उद्यानाच्या आतल्या दिशेने. मार्चच्या शेवटी उद्यानातल्याच नॉरिस भागाजवळ ४.८ चा भूकंप झाला आणि लोकांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. उद्यानाच्या लोकांना खुलासे करत बसावं लागलं. कौतुक वाटून घ्या, शिका, पण त्याला "निरीक्षण" म्हणू नका.

दगडफूल

आडवाटेचा, भूकंपांपुरतं तुमचं बरंचसं मान्य. पण यलोस्टोन म्हणजे फक्त भूकंप नाहीत. दहा हजारांच्या आसपास गरम पाण्याची कुंडं, झरे, वाफेची छिद्रं, चिखलाची भांडी. त्यांतले पाचशेहून जास्त गीझर. त्या सगळ्यांवर उपकरणं बसवणं कुठल्याही संस्थेला शक्य नाही. तिथे नोंदी ठेवतात ती माणसं, आणि त्यांतली बहुतेक हौशी.

मी त्यांच्यात बसले आहे म्हणून सांगते. "गीझर गेझर", म्हणजे गीझरकडे टक लावून बसणारे, म्हणतात त्यांना. निवृत्त शिक्षक, परिचारिका, संगणकवाले, सगळे तऱ्हेतऱ्हेचे. उन्हाळाभर फोल्डिंग खुर्ची, टोपी, वही आणि वॉकीटॉकी. ग्रँड गीझर हा वेळ सांगता येणाऱ्यांत सर्वांत उंच. तो सात तासांनीही उडतो, पंधराही लावतो. पण त्याच्या शेजारी टर्बन नावाचा छोटा गीझर आहे, तो साधारण वीस मिनिटांनी उसळत राहतो. ग्रँडचं कुंड काठोकाठ भरलं की जाणकार टर्बनची वेळ धरून बसतात, कारण ग्रँड उडायचा तर टर्बन सुरू होण्याच्या सुमारासच. त्या वेळी कुंडाच्या पृष्ठभागावर बारीक लाटा उठायला लागतात, काठावरून पाणी सांडतं आणि गप्पा बंद होतात. कधी लाटा येतात, वाढतात आणि टर्बन उसळण्याआधीच पाणी पुन्हा खाली बसतं. मग कोणीतरी वहीत लिहितं, "ग्रँड उशीर, पातळी उतरली", आणि आणखी वीस मिनिटं थांबायचं. नाहीतर मधोमध पाणी फुगतं, फुगतच जातं, आणि उकळत्या पाण्याचे फवारे सुटतात ते थेट पन्नास-साठ मीटर.

"उशीर, पातळी उतरली" ही नोंदसुद्धा माहिती आहे. हे सगळं गीझरटाइम्स नावाच्या खुल्या नोंदसंग्रहात जातं. गीझरचं नाव, वेळ, सुरुवात स्वतः पाहिली की चालू असतानाच दिसला, प्रत्यक्ष की वेबकॅमवर, प्रत्येकासाठी खूण ठरलेली आहे. एकाने लिहिलेलं दुसरा तपासतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत तिथे.

उत्तररात्र

दगडफूल +१.

आणि आडवाटेचा यांच्यासाठी स्टीमबोटचं उदाहरण. नॉरिसमधला हा जगातला सर्वांत उंच सक्रिय गीझर, ९० मीटरच्या वर उडतो. १९११ नंतर थेट १९६१ पर्यंत त्याचा एकही मोठा उद्रेक नोंदलेला नाही. २०१८ च्या आधीचा शेवटचा २०१४ च्या सप्टेंबरमधला. मग १५ मार्च २०१८ ला जागा झाला आणि सुटलाच: २०१८ मध्ये ३२ उद्रेक, २०१९ मध्ये ४८, २०२० मध्ये पुन्हा ४८. त्यानंतर हळूहळू कमी होत गेला.

यातले कितीतरी उद्रेक रात्री, बर्फात, कोणीही समोर नसताना झाले. तरी त्यांच्या वेळा ठाऊक आहेत. कशा? नॉरिसच्या वायएनआर भूकंपमापकावर उद्रेकाचा आवाज उमटतो. नॉरिसचं पाणी टँटलस ओढ्याने बाहेर जातं, त्यावर प्रवाह मोजणारं केंद्र आहे. उद्रेकानंतर काही वेळाने तिथल्या आलेखावर उंचवटा दिसतो. ओहोळातला तापमापक तिसरा साक्षीदार. ही तिन्ही साधनं सरकारी आणि खुली, पण रोज उठून ती जुळवून बघत बसणारे बरेचसे हौशी होते. २०२१ च्या जानेवारीत स्टीमबोटच्या पुनरागमनावर मोठा शोधनिबंध आला, त्यात गीझरटाइम्सच्या नोंदी वापरल्या आहेत. निष्कर्ष काय, तर त्याच्या जागं होण्यामागे मॅग्माची हालचाल असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे हौशी लोकांच्या नोंदींनी अफवेला खतपाणी घातलं नाही, उलट ती खोडायला मदत केली.

साधा माणूस

नॉरिसला जाणाऱ्यांनी गाडी कुठे लावायची तेही सांगा. स्टीमबोटच्या फवाऱ्यात विरघळलेली सिलिका असते, वारा तिकडचा असेल तर वाहनतळापर्यंत येते आणि काचेवर वाळली की डाग जाता जात नाहीत म्हणे.

दगडफूल

साधा माणूस, खरं आहे ते. कॅमेऱ्याच्या भिंगाचंही तेच होतं. फवारा आला की लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचं, कोरडं पुसायचं नाही.

आणि स्टीमबोट उडून गेला की शेजारचं सिस्टर्न कुंड बघायला विसरू नका. काठोकाठ भरलेलं ते कुंड मोठ्या उद्रेकानंतर हळूहळू रिकामं होतं. जमिनीखाली दोघांच्या नळ्या जोडलेल्या आहेत, हे डोळ्यांनी दिसतं.

धूमकेतू

नवीन येणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. भूकंप-आलेखांवर बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, वेबकॅम आणि गीझरच्या नोंदी तिथल्या माउंटन वेळेनुसार. हिवाळ्यात दोघांत सात तासांचं अंतर, उन्हाळ्यात सहा. दोन आलेख जुळवण्याआधी दोघांची घड्याळं जुळवा. निम्मे "गूढ योगायोग" इथेच विरघळतात.

केतकी७

भूपृष्ठ, धन्यवाद. रात्री बसून एक भूकंप शोधला. दोन झटके स्पष्ट दिसले! खूप भारी वाटलं.

एक शंका. आम्ही पुढच्या उन्हाळ्यात जाणार आहोत. अवरक्त तापमापक, ते बंदुकीसारखं मिळतं ते, घेऊन कुंडांची तापमानं नोंदली तर उपयोग होईल का? मुलांनाही आवडेल.

भूपृष्ठ

मुलांना आवडेल नक्की, पण त्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. ते यंत्र फक्त वरचा पापुद्रा मोजतं. मध्ये वाफ आली की आकडा खाली येतो, आणि दूर धरलं की कुंडाबरोबर काठाचंही मोजतं. शिवाय त्या उंचीवर पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, तेव्हा शंभर दिसलं नाही म्हणून "कुंड थंड होतंय" असं समजू नका.

त्यापेक्षा रंग, पातळी, उकळी आणि पाणी कुठल्या बाजूने सांडतंय हे टिपा, सोबत वेळ घालून फोटो काढा. एकाच जागेवरून, एकाच कोनातून. पुढच्या वर्षी दुसरा कोणी तिथूनच काढेल.

दगडफूल

आणि लाकडी वाटेवरून पाय खाली नाही! हे मी प्रत्येक धाग्यावर लिहिते, इथेही लिहिणार. वरून घट्ट दिसणारा कवच कधी कधी बोटभर जाडीचा असतो आणि खाली उकळतं पाणी. उद्यानाच्या इतिहासात भाजून वीसहून अधिक माणसं गेली आहेत. फोटो चांगला येईना म्हणून नाही, तापमापक पोहोचेना म्हणून नाही, टोपी उडाली म्हणूनसुद्धा नाही. ड्रोनला बंदी आहे. आपलं उपकरण परवान्याशिवाय तिथे ठेवून येता येत नाही. कुंडात नाणं टाकायचं नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये इअर स्प्रिंग उसळलं तेव्हा त्यातून नाण्यांबरोबर १९३० च्या दशकातली बाळाची चोखणी बाहेर पडली. लोकांनी टाकलेलं तिथे असं साठून राहतं आणि पाण्याच्या वाटा बुजवतं. मॉर्निंग ग्लोरी कुंडाचा रंग बदलण्यात अशा कचऱ्याचा हात आहे.

टिपणवही

मी मॉन्टानात राहतो, यलोस्टोनपासून फार लांब नाही. आणखी एक हौशी निरीक्षण सांगतो, ज्याला काहीच लागत नाही: "डिड यू फील इट". भूकंप जाणवला की अमेरिकी भूसर्वेक्षणाच्या पानावर जाऊन भरायचं, कुठे होतो, काय हललं, कप वाजले की फडताळ पडलं. ६ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीनंतर इथल्याच लिंकन गावाजवळ ५.८ चा भूकंप झाला तेव्हा पलंग चांगलाच हलला. उठून आधी तो अर्ज भरला. त्याच वेळी यलोस्टोनच्या पश्चिम कडेला भूकंपांचा झुबका चालू होता, सप्टेंबरपर्यंत २,४०० च्या आसपास झाले, सर्वांत मोठा ४.४. शेजारीपाजारी सगळ्यांनी दोन्ही एकत्र करून टाकले. लिंकनचा भूकंप वेगळ्या प्रस्तरभंगावरचा, यलोस्टोनपासून कितीतरी दूर.

आडवाटेचा

उत्तररात्र, स्टीमबोटचा मुद्दा चांगला आहे, गीझरांपुरता मी मानतो. टिपणवही यांचाही. पण मग प्रश्न असा की धोका ओळखायला याचा उपयोग काय? २३ जुलै २०२४ ला बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड कुंडाजवळ स्फोट झाला. सकाळची वेळ, लाकडी वाटेवर माणसं. चिखल-दगड उंच उडाले, वाटेचे तुकडे झाले. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. आधी ना उपकरणांना काही कळलं, ना निरीक्षकांना.

उत्तररात्र

आधी कळलं नाही, बरोबर. उष्ण पाण्याचे असे स्फोट फार उथळ जागी होतात. बंद झालेल्या वाटेत उकळत्या पाण्याची वाफ होते, दाब सुटतो, आणि काही सेकंदांत सगळं उधळतं. दूरच्या भूकंपमापकाला आधी जाणवण्यासारखं त्यात थोडंच असतं. पण नंतरचं बघा. स्फोट कसा सुरू झाला, काळा फवारा कोणत्या दिशेने गेला हे कळलं ते जीव मुठीत धरून पळणाऱ्या लोकांच्या मोबाइलमधून. नॉरिसमध्ये २०२३ मध्ये माणसाला ऐकू न येणारे अतिमंद ध्वनी टिपणारी यंत्रं बसवली होती, त्यांनी १५ एप्रिल २०२४ ला पोर्कचॉप गीझरजवळचा छोटा स्फोट पकडला. तिथे कोणीच नव्हतं. म्हणजे कुठे यंत्र हवं, कुठे माणूस. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही.

हेच स्फोट मला महास्फोटापेक्षा जास्त काळजीचे वाटतात. सरोवराच्या उत्तर काठावरचा मेरी बे हा जवळपास अडीच किलोमीटर रुंद उपसागर अशाच स्फोटाने झालाय, तेरा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. इतका मोठा क्वचित, पण छोटे होतच राहतात.

शून्यमंडल

आणि खरा भूकंप. १७ ऑगस्ट १९५९ चा हेबगेन लेक, ७.३. उद्यानाच्या अगदी पश्चिमेला. मॅडिसन नदीच्या घळीत अख्खा डोंगर घसरला, २८ माणसं गेली, नदी अडून नवं सरोवर झालं. आजही त्याला क्वेक लेक म्हणतात. त्या रात्री उद्यानातले शेकडो झरे उसळले, त्यांतले कित्येक आधी कधी उडालेले नव्हते. मॅग्मा-मॅग्मा करताना लोक हे विसरतात. तिथे राहणाऱ्याने आणि जाणाऱ्याने धास्ती घ्यायचीच तर भूकंपाची घ्यावी, आणि तंबू कड्याखाली ठोकू नये.

धूमकेतू

२००२ च्या अलास्कातल्या डेनाली भूकंपाचंही लिहा कोणीतरी. ७.९ चा, तीन हजार किलोमीटर दूर, आणि त्याच्या लाटा पोहोचल्यावर यलोस्टोनमध्ये बारीक भूकंप सुरू झाले, काही गीझरांच्या वेळा बदलल्या. हे कळलं ते आधीच्या वेळा कोणीतरी लिहून ठेवल्या होत्या म्हणूनच.

टिपणवही

घरी स्वतःचा भूकंपमापक कोणी लावलाय का? रास्पबेरी शेकबद्दल ऐकतो.

उत्तररात्र

लावलाय. छोट्या संगणकावर बसणारा जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारं यंत्र), जमिनीला घट्ट टेकवून ठेवायचा. जवळचे छोटे धक्के आणि दूरचे मोठे दोन्ही दिसतात, त्याबरोबर वॉशिंग मशीन, दार, वरच्या मजल्यावरची पोरंही. शिकायला याहून चांगलं साधन नाही, कारण प्रत्येक गोंगाटाचं कारण तुम्हाला जागेवर जाऊन तपासता येतं. आधी स्वतःच्या घरातला गोंगाट ओळखायला शिकलेला माणूस यलोस्टोनच्या आलेखावर घाईने बोलत नाही.

रानवाट

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बसून भूपृष्ठ यांनी सांगितलं तसं केलं.

सरोवराभोवतीच्या चार केंद्रांचे आलेख एकाखाली एक लावले. जाड पट्टा फक्त त्या एकाच केंद्रावर, बाकी तीन शांत. मग जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी काढल्या: पट्टा सुरू झाला त्याच सुमारास वारा चढला, मध्यरात्रीनंतर पडला, पट्टाही बारीक झाला, दुसऱ्या दुपारी दोन्ही पुन्हा. म्हणजे वाराच. गंमत म्हणजे त्या गोंगाटात बुडालेला एक खराखुरा भूकंप शेजारच्या तीन शांत केंद्रांवर स्वच्छ दिसला. पी आणि एसमध्ये दीड ते तीन सेकंद. वर्तुळं मारली तर ती सरोवराच्या पश्चिमेला जुळली, आणि युटा विद्यापीठाच्या यादीत तिथलाच एक बारीकसा भूकंप मिळाला. त्या व्हिडिओवाल्याला हा दिसलाच नाही, कारण त्याने बाकीची केंद्रं उघडलीच नव्हती.

चारही आलेख आणि वाऱ्याची नोंद एका चित्रात लावून त्या व्हिडिओखाली टाकली आहे. काहींनी शिव्या घातल्या, पण काही जण "शेजारची केंद्रं कशी उघडायची" असं विचारताहेत. त्यांना एकेक करून उत्तरं देते आहे.

आडवाटेचा, यातून नवं विज्ञान निघालं नाही, हे खरंच. पण घाबरलेल्या माणसाला "तज्ज्ञ म्हणतात काही नाही" असं सांगून त्याचं समाधान होत नाही. "ये, हे चार आलेख बघ" म्हटलं की होतं. हे काम तज्ज्ञ शेकडो लोकांसाठी एकेकट्याने करू शकणार नाहीत. आपण करू शकतो.

आडवाटेचा

हे पटलं. ते चित्र इथेही टाका, मलाही वापरायला होईल. तरी एक आग्रह: कोणीही स्वतःचा अंदाज जाहीर करण्याआधी यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळेचं महिन्याचं निवेदन वाचावं. दर महिन्याच्या सुरुवातीला येतं, भूकंप किती, जमीन कुठे किती हलली, सगळं असतं त्यात. वर्षाला दीड ते अडीच हजार भूकंप तिथे नेहमीचे. हा आकडा ठाऊक नसला की महिन्याचे दीडशे ऐकूनसुद्धा छातीत धस्स होतं.

भूपृष्ठ

जीपीएसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून जोडतो. २००४ पासून काही वर्षं कॅल्डेराची, म्हणजे महास्फोटानंतर खचून झालेल्या विशाल खळग्याची, जमीन वर येत होती, सुरुवातीला वर्षाला ७ सेंटीमीटरपर्यंत. तेव्हाही काही फुटलं नाही. २०१५-१६ पासून ती वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरने खचत आली आहे. उन्हाळ्यात खचणं थांबल्यासारखं किंवा किंचित उलटल्यासारखं दिसतं, ते वितळलेल्या बर्फाच्या पाण्यामुळे. आणि हिवाळ्यात एखादा बिंदू एकदम उडी मारून गेलेला दिसला तर आधी अँटेनावर बर्फ बसलाय का ते तपासा. नंतर तो आपोआप जागेवर येतो.

केतकी७

दगडफूल, शेवटचं विचारते. वेबकॅमवर ग्रँड उडताना दिसला पण सुरुवात हुकली, तर नोंद करायची की नाही?

दगडफूल

करायची! "चालू असताना दिसला" आणि "वेबकॅम" या दोन्ही खुणा लावून, पहिल्यांदा दिसला ती वेळ मिनिटासह लिहा. सुरुवात अंदाजाने भरायची नाही. दुसऱ्या कोणाकडे सुरुवातीची वेळ असेल तर ती तुमच्या नोंदीशी ताडून बघतील. आणि टर्बन आधी की ग्रँड आधी ते दिसलं असेल तर शेऱ्यात जरूर लिहा, त्यावरून आमच्यात उन्हाळाभर वाद चालतात.